राहिलेलं कांड

पहाटेचा ढोल व्हायच्या आधीच वान्दीने मंडपात जागा धरली. धर्मासनाच्या उजव्या अंगाला, खिडकीजवळच्या खांबापाशी. तिचा नवरा खामोन बसायचा तीच जागा. खाली चटई, शेजारी पाण्याचा तांब्या, वेताच्या टोपलीत चिकट भाताचे दोन मुटके. दिवसभर उठायचं नाही असं ठरवूनच ती आली होती, त्यामुळे पाणीसुद्धा ओठ ओले होतील एवढंच प्यायचं.

आज वेस्संतराची कथा होती. सगळं देऊन टाकणाऱ्या राजपुत्राची, तेरा कांडांची. पहाटे सुरू होते ती दिवेलागणीला संपते. आसपासच्या गावांचे भिक्खू एकामागून एक धर्मासनावर चढतात आणि आपापलं कांड आपापल्या चालीत गातात. गाणाऱ्याचा गळा चांगला असला की खाली बसलेल्याच्या अंगावर काटा उभा राहतो, आणि मग कोण ऐकवतोय आणि कोण ऐकतोय हे दोन उरतच नाहीत. तर अशी ही कथा ज्याने एका दिवसात, आरंभापासून शेवटापर्यंत, एकही कांड न गाळता ऐकली, तो पुढे येणाऱ्या मैत्रेय बुद्धाच्या काळात जन्म घेतो. मेकाँगच्या काठाला हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. ठाऊक सगळ्यांना, पार पाडणारा मात्र विरळाच. कारण तोच दिवस गावजेवणाचा. घरोघर पाहुणे, अंगणात मोठाली पातेली, आणि पातेल्यांपाशी बाया.

लग्न झाल्यापासून वान्दीने कथा ऐकली ती अशी तुकड्यातुकड्यांनी, चुलीपाशी बसून, कर्ण्यातून येईल तेवढी. नारळाच्या रश्शाला उकळी येईपर्यंत राजपुत्राने पांढरा हत्ती देऊन टाकलेला असायचा. पाहुण्यांना शेवया वाढून परत यावं, तो त्याने पोरंही देऊन टाकलेली.

ऐकायचा तो खामोन. संध्याकाळी घराच्या शिडीपाशी पाय धुता धुता म्हणायचा, "झालं बाई. ह्याही वर्षी सगळं ऐकलं. आपली मैत्रेयाकडची जागा पक्की."

"आणि माझी?"

"तू ये की मागाहून. येताना शेवया घेऊन ये."

दोघं हसायची. हसण्यावारी नेलेलंच बरं होतं, कारण पुढच्या वर्षी बघू, असं दर वर्षी म्हणता येत होतं. पण भातकापणीच्या तोंडावर खामोनला छातीत कळ आली आणि तो गेला. तेव्हापासून वान्दीच्या मनाने एकच घोकणी घेतली होती. तो तिकडे जाणार, मैत्रेयाच्या काळात. आणि आपण? आपण कुठल्या तरी भलत्याच युगात, भलत्याच गावात, भलत्याच कुणाच्या चुलीपाशी शेवया गाळत बसणार. ज्याने ऐकलं त्याची वाट वेगळी आणि जिने नाही ऐकलं तिची वेगळी. पुन्हा गाठ म्हणून पडायची नाही.

म्हणून ह्या वर्षी तिने पातेली जावेच्या स्वाधीन केली आणि इथे येऊन बसली.

जाऊ म्हणजे तुई. अंगाने भरलेली, तोंडाने त्याहून. ती पहाटेच मंडपात डोकावून गेली.

"वहिनी, खरंच बसणार? दिवसभर?"

"दिवसभर."

"आणि तुमच्या माहेरची माणसं आली की त्यांना काय सांगू? वहिनी मैत्रेयाकडे गेल्या म्हणून?"

"सांग. आणि रस्सा खारट करू नकोस."

"कांडं घरोघर वाटली, त्यात जूजकाच्या कांडाचा मान ह्या वर्षीही आमच्याच घराला. म्हातारा, कुरूप, पोरं मागून नेणारा तो भिकारडा! दर वर्षी आमच्याच वाट्याला कसा येतो हो?"

"घरात एक आहे म्हणून," पलीकडून कुणी तरी बोललं, आणि तुईच्या नवऱ्यासकट सगळा मंडप हसला.

हसण्याच्या त्या गलक्यात वान्दीने फळ्यांच्या फटीतून खाली पाहिलं. मंडप उंच खांबांवर उभा होता, आणि खालच्या मोकळ्या जागेत शर्यतीची लांब होडी पालथी घालून ठेवलेली होती. त्या होडीला टेकून इनपेंग बसला होता. तिचा मुलगा. तिशी ओलांडलेला, हातात जाळं आणि सुया. तिने तीन वेळा बोटाने फळीवर टकटक केली. खालून तीन टकटक आल्या. म्हणजे तो ठीक होता.

लहानपणापासून तो तिथेच बसायचा. वर गर्दी, ढोल, घाम, कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत; ते त्याला सोसायचं नाही. लोक म्हणायचे, वान्दीचा मुलगा सणाच्या दिवशी लपून बसतो. व्हिएन्तिआनच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या असण्याला नाव दिलं होतं, ऑटिझम, आणि समजावून सांगितलं होतं की ही माणसं आपल्यातच मग्न असतात. बाई भली होती, वान्दी तिच्यापुढे काही बोलली नाही. पण परतीच्या बोटीत खामोनला म्हणाली, "आपल्यात कुठे हो? हा तर समोर असेल त्यात मग्न असतो. मुंगी तर मुंगी, गाठ तर गाठ. आपल्यात मग्न बाकीचा गाव आहे."

खोटं नव्हतं ते. इनपेंगने दुरुस्त केलेलं जाळं पुन्हा त्याच ठिकाणी फाटलं असं कधी झालं नाही. 'चालेल' हा शब्दच त्याच्यापाशी नव्हता. पलीकडच्या गावचे कोळीही होडीत जाळी घालून त्याच्याकडे यायचे, आणि तो चार वाक्यंही बोलत नसला तरी त्याच्यापाशी बसून राहायचे. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि त्याच्या तोंडून खोटं निघत नसे. तुईने एकदा नवं रेशीम नेसून विचारलं होतं, "काय रे, कशी दिसते मी?" त्याने मान वर करून नीट पाहिलं होतं. "कंबरेला घट्ट होतंय." तुई आठवडाभर रुसली, पण जत्रेत रेशीम घ्यायला गेली तेव्हा त्यालाच बरोबर घेऊन गेली.

कथा सुरू झाली.

पहिली कांडं वान्दीने अशी ऐकली, जशी तहानलेली माणसं पाणी पितात. हत्ती गेला. राज्य गेलं. राजपुत्र वेस्संतर, राणी मद्दी आणि दोन लेकरं रानात निघाली. जूजकाच्या कांडाला नेहमीसारखी हसून हसून पुरेवाट झाली. मध्ये तुई आली, खिडकीतून तोंड घालून म्हणाली, "माहेरची आलीत." वान्दीने मान हलवली नाही. पुन्हा आली, "रस्सा कमी पडतोय." वान्दीने डोळेच मिटून घेतले, तुई दिसू नये म्हणून.

तिथेच घात झाला. पहाटेपासूनचं जागरण, दुपारचं ऊन, उसाच्या आणि केळीच्या खांबांचा तो हिरवा ओला वास, आणि मद्दीच्या कांडाला धर्मासनावर चढलेले भिक्खू असे गोड गळ्याचे की गाणं न राहता ते थोपटणंच झालं. मद्दी हातात टोपली घेऊन रानात कंदमुळं खणायला निघाली एवढं वान्दीला कळलं. पुढचं कळलं ते कांड संपून एकदम सगळ्या मंडपाने "साधु" म्हटलं तेव्हा. ती दचकून बसती झाली. तिनेही "साधु" म्हटलं. मग उरलेली कांडं तिने टक्क डोळ्यांनी ऐकली, पण आत कुठे तरी काटा मोडून राहिल्यासारखं सलत होतं.

दिवेलागणीला नगरप्रवेशाचं शेवटचं कांड संपलं. हातांवर पाणी ओतून पुण्य वाटून झालं. लोक उठले, गुडघे चोळू लागले. तुई हात पुसत आली.

"झालं ना मनासारखं, वहिनी?"

"तुई, माझा डोळा लागला होता गं."

"कुठे लागला? मी पाहिलं ना. डोळे मिटून ऐकत होतात. एखादी डुलकी आली असेल, तिला कोण धरतंय."

विहाराचे थोरले महाराज पायऱ्यांवरून उतरत होते. वान्दीने हात जोडून त्यांनाही विचारलं. म्हातारे महाराज हसले. "अगं, आयुष्यभर गावाला जेवू घातलंस. कानात पडलं ते पडलं. मन इथेच होतं ना? मग ऐकल्यासारखंच."

ऐकल्यासारखं. वान्दीला बरं वाटलं, आणि नाहीही वाटलं. गावात एकच माणूस असा होता ज्याच्या तोंडी 'सारखं' यायचं नाही. इनपेंग मंडपाच्या कडेशी येऊन उभा होता, गर्दी पांगायची वाट बघत.

"इनपेंग, मी मद्दीचं कांड ऐकलं का रे?"

"नाही ऐकलंस."

"थोडंसं तरी?"

"मद्दी टोपली घेऊन निघाली तिथपर्यंत. मग तू घोरत होतीस. खाली ऐकू येत होतं."

"अरे मेल्या!" तुई कडाडली. "आईचं मन राखायला एक शब्द बोलला असतास तर जीभ झडली असती काय? आता वर्षभर झुरत बसतील ना त्या!"

इनपेंग तुईकडे न बघता जाळ्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. "तिने विचारलं," तो म्हणाला.

वान्दी खाली बसली. तिला रडू आलं नाही. मनात एवढंच आलं की पुढच्या वर्षी आपण असू की नाही कुणास ठाऊक. आणि असलो तरी हे डोळे आणखी एका वर्षाने म्हातारे. तुई बडबडत पातेली आवरायला गेली. मंडप रिकामा झाला. इनपेंग तसाच उभा होता. मग आपणहून म्हणाला,

"दिवस संपला नाही अजून. उजाडेपर्यंत आजच आहे."

"मग?"

"राहिलेलं मी म्हणतो. तू ऐक. खाली चल, वर झाडतात."

"तुला येतं?"

"दर वर्षी तेच असतं," तो म्हणाला. त्यात काही विशेष आहे असं त्याला वाटत नव्हतं.

ती वाकून मंडपाखाली शिरली. एवढ्या वर्षांत ती इथे कधी आलीच नव्हती. आत गारवा होता. वरची पावलं मऊ होऊन खाली येत होती, फटीतून उजेडाच्या काड्या पडल्या होत्या. कर्ण्याचं तोंड गावाकडे, त्याचा कर्कशपणा इथे पोचत नसणार, माणसाचा गळा तेवढा गाळून येत असणार. लपून बसतो, म्हणे. गावातली सर्वांत चांगली जागा धरून बसला होता हा.

इनपेंगने होडीला पाठ टेकली, डोळे जमिनीवर लावले आणि हलकेच झुलत म्हणायला सुरुवात केली. चाल नाही, गळा नाही, सपाट आवाज. पण काहीच गळत नव्हतं. रान नेहमीचंच, पण मद्दीला आज वेगळं भासतं. फळांनी लगडायची ती झाडं नुसतीच फुललेली, टोपली भरत नाही. उजवा डोळा लवतो. ती घाईने परत फिरते तो वाटेत तीन श्वापदं आडवी पडलेली. ती हात जोडून त्यांना विनवते, माझी लेकरं वाट बघत असतील, सोडा मला. सपाट आवाजात ते ऐकताना वान्दीला मद्दी पहिल्यांदा दिसली. राणी नव्हेच. उशीर झालेली एक आई.

"आश्रमाच्या दारात लेकरं धावत यायची, ती आली नाहीत," इनपेंग म्हणाला. आणि त्याच आवाजात पुढे म्हणाला, "इथे बाबा उठायचे."

"काय?"

"इथे बाबा उठायचे. फळी वाजायची. मग मागच्या शिडीने उतरून बाहेर जायचे. मद्दी हाका मारते ते सगळं होऊन साधु झालं की परत यायचे."

वान्दीला आधी समजेचना. "एखाद्या वर्षी गेले असतील, विडी ओढायला."

"दर वर्षी. विडी हातात असायची. पेटवायचे नाहीत. चाफ्याखाली उभे राहायचे, नदीकडे तोंड करून."

"तू मला कधी बोलला नाहीस!"

"तू विचारलं नव्हतंस."

वर कुणी तरी केरसुणी फिरवत होतं. इनपेंगच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. नोय. बोलायला लागली होती, दारात धावत यायला लागली होती. तापाने गेली, तेव्हा खामोन जंगलात बांबू तोडायला गेला होता. तो परतला आणि दारात कुणी आलं नाही. त्यानंतर दोघांनी नोयचं नाव एकमेकांसमोर घेतलं नाही. ज्याने त्याने आपापलं गिळलं. वान्दीला वाटायचं, पुरुषमाणूस, विसरला असेल. आणि दर वर्षी तो संध्याकाळी शिडीवर बसून तिला अख्खी कथा सांगायचा, हत्ती, रान, जूजक, सगळं हातवारे करून. मद्दीपाशी आला की म्हणायचा, 'ते तुला माहीतच आहे,' आणि पुढे जायचा. आपलं मन दुखू नये म्हणून टाळतो, असं तिला वाटायचं. त्याने ते ऐकलेलंच नव्हतं. एकाही वर्षी नव्हतं. नोय गेल्यावरच तर तो दिवसभर बसायला लागला होता.

"जागा पक्की म्हणे!" तिला हसू फुटलं. हसता हसता डोळे वाहू लागले आणि तिने ते पुसलेही नाहीत. "लबाड. सगळ्या गावाला सांगत फिरायचा. अरे, म्हणजे तो नाहीच गेला तिकडे. इकडेच कुठे तरी असेल."

इनपेंगने ह्यावर विचार केला. "मला माहीत नाही," तो म्हणाला. मग, "पुढचं म्हणू? थोडंच राहिलंय. मद्दी हाका मारते, मग साधु. तुझं पूर्ण होईल."

त्याने तोंड उघडलं, आणि वान्दीने त्याच्या गुडघ्याजवळ जमिनीवर हात ठेवला. त्याला अचानक शिवलेलं चालत नसे.

"थांब. मला नको."

"दिवसभर बसलीस."

"बसले. पण मी पूर्ण ऐकून पुढे गेले, आणि तो मागे राहिला, तर तिथे जाऊन मी करू काय?"

इनपेंगचं झुलणं वाढलं. चेहरा ओढला गेला. "सुरू केलेलं कांड मध्ये सोडत नाहीत."

"नको सोडूस. तू पूर्ण कर. मी बाहेर जाते."

"मग तुझं राहील."

"राहू दे."

"पूर्ण नाही होणार."

"नाही होणार, बाळा."

त्याने जाळ्याची दोरी बोटावरून सोडवली. मग "बरं" म्हणाला. 'बरं' म्हणाला की त्याचं खरंच बरं असायचं.

वान्दी उठता उठता थबकली. एक गोष्ट तिच्या आत्ता ध्यानात आली. "इनपेंग, तू तर सगळी ऐकलीस. दर वर्षी. एकही कांड न गाळता."

"हो."

"म्हणजे आपल्या घरातून मैत्रेयाकडे जाणारा तूच."

इनपेंगच्या कपाळाला आठी पडली. "तिथे गर्दी असेल?"

"नसेल रे. इतकं नीट ऐकणारे असतात कुठे फार!" तिला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, तिने होडीवरून फिरवला. "गेलास की त्यांना सांग, आई आणि बाबा मागे राहिलेत म्हणून. मुद्दाम राहिलेत म्हणून सांग."

"बाबांचं मुद्दाम होतं का, मला माहीत नाही," इनपेंग म्हणाला. "तुझं सांगेन. विचारलं तर."

ती वाकून बाहेर आली. उजेड सरत आला होता. मागच्या शिडीपाशी चाफ्याचं झाड होतं, पानं झडून नुसत्या फुलांवर आलेलं, आणि खालची जमीन कुणी तरी वर्षानुवर्षं उभं राहावं तशी घट्ट बसलेली. की तिलाच तसं वाटलं, कोण जाणे. ती तिथे जाऊन नदीकडे तोंड करून उभी राहिली. पलीकडच्या काठावर एक होडी कुणाला तरी घ्यायला थांबली होती.

मागून इनपेंगचा आवाज सुरू झाला. इथवर तो पोचत होता, शब्द मात्र पोचत नव्हते. कुणी तरी हाका मारत आहे, न थांबता हाका मारत आहे, एवढंच कळत होतं.